फर्निचरच्या तीन अवस्था

पदार्थविज्ञानाने द्रव्याच्या घन, द्रव आणि वायू अशा तीन अवस्था मान्य केल्या असल्या, तरी फर्निचर या द्रव्याचा स्वतंत्र विचार त्या शास्त्राने अद्याप केलेला आढळत नाही. निरीक्षणावरून असे म्हणता येते की फर्निचरच्याही तीनच अवस्था असतात: पहिली चित्रावस्था, ज्यात ते संगणकाच्या पडद्यावर असते आणि त्याला वजन, वास व हप्ता यांपैकी काहीही नसते; दुसरी खोकावस्था, ज्यात ते पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटे होऊन पडलेले असते आणि त्याला केवळ वजन असते; आणि तिसरी गृहावस्था, ज्यात त्याच्यावर घडी घालण्याच्या प्रतीक्षेत असलेले कपडे असतात. या तिन्ही अवस्था एकाच पंचक्रोशीत पाहावयाच्या असल्यास अभ्यासकाने ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, मुंबई–नाशिक महामार्गावरील मानकोली येथे जावे. प्रस्तुत विवेचनाचा मुख्य विषय पहिली अवस्था, म्हणजे घराच्या अंतर्भागाचे संगणकावर रचलेले त्रिमितीय प्रतिरूप, ज्याला व्यवहारात लहानथोर सर्वजण नुसते ‘थ्रीडी’ म्हणतात, हा आहे. परंतु उरलेल्या दोन अवस्था रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असल्याने त्यांना वगळून पुढे जाणे मानकोलीत तरी शक्य नाही.

मानकोलीची ख्याती गोदामांची आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात द्यावी लागत असे, त्या काळात हद्दीबाहेर, परंतु हद्दीपासून हाकेच्या अंतरावर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते, आणि त्यामुळे एकेकाळी जेथे भाताची खाचरे होती तेथे पत्र्याच्या छपरांचे गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात गेली, तेव्हा या गाळ्यांचे कारणच संपले असे तर्काने म्हणता आले असते. परंतु राज्याराज्यांमधील करांचे अडसर दूर झाल्यामुळे कंपन्यांना ठिकठिकाणी लहान गोदामे ठेवण्याऐवजी एकाच मोक्याच्या जागी मोठे गोदाम ठेवणे परवडू लागले, त्यात घरबसल्या खरेदीची भर पडली, आणि गाळे कमी होण्याऐवजी वाढले. मानकोली नाक्यापासून अंजूरफाट्याकडे जाताना दोन्ही बाजूंना जे दिसते, ते म्हणजे मुंबईच्या असंख्य दिवाणखान्यांचे सुटे भाग होत. अलीकडे याच परिसरात निवासी मनोरे उभे राहू लागले आहेत, आणि उल्हास खाडीवर मोटागाव–मानकोली पूल झाल्यापासून डोंबिवलीकरांनाही हा परिसर शेजारचा वाटू लागला आहे. मनोरा आला की सदनिका येते, सदनिका आली की इंटिरिअर येते, आणि इंटिरिअर यावयाच्या आधी, कधी कधी तर मनोऱ्याचा पाया खणला जाण्याच्याही आधी, थ्रीडी येते.

थ्रीडी करण्याची रीत वरकरणी सोपी आहे. प्रथम सदनिकेचा आराखडा, म्हणजे वरून पाहिलेल्या भिंतींचा रेषारूप नकाशा, ऑटोकॅड या प्रणालीत काढला जातो; ही प्रणाली १९८२ साली बाजारात आली आणि आराखडा काढणाऱ्यांच्या हातातील टी-स्क्वेअर व दाढीच्या ब्लेडने शाई खरवडण्याचे कौशल्य या दोहोंना तिने निवृत्त केले. त्यानंतर तो आराखडा स्केचअपसारख्या प्रणालीत नेऊन त्याच्या भिंती ‘उचलल्या’ जातात. २००० साली आलेल्या, २००६ साली गूगलने विकत घेतलेल्या आणि २०१२ साली ट्रिंबल या कंपनीकडे गेलेल्या या प्रणालीचे वैशिष्ट्य असे, की कोणत्याही सपाट आकृतीला माउसने धरून वर ओढले असता तिचा ठोकळा होतो. गवंडी, बिगारी, वाळू, पाणी आणि पाण्याचा टँकर यांच्यावाचून दहा सेकंदांत भिंत उभी राहते, आणि हे पाहिलेल्या ग्राहकाला बांधकामाचा ताबा तीन वर्षांनी का मिळतो हे नंतर समजावून सांगणे कठीण जाते. नवी फाइल उघडताच या प्रणालीत एक मनुष्याकृती आपोआप उभी असलेली दिसते. ती कंपनीतीलच कोणा कर्मचाऱ्यावरून बेतलेली असते, आवृत्तीगणिक बदलते, आणि तिचे काम उंचीचा अंदाज देणे एवढेच असते. बहुतेक कारागीर तिला सर्वप्रथम पुसून टाकतात. डिजिटल घरातून बाहेर काढला जाणारा हा पहिला मनुष्य होय, आणि पुढील विवेचनावरून दिसेल की तो शेवटचाही ठरतो, कारण त्याच्यानंतर त्या घरात कोणाला प्रवेश मिळतच नाही.

संगणकातील भिंत आणि साइटवरील भिंत यांच्यातील पहिला मतभेद कोनाचा असतो. संगणकात दोन भिंती नव्वद अंशांत मिळतात आणि त्या बाबतीत त्यांच्यावर कोणतेही दडपण आणावे लागत नाही. साइटवर मात्र मिस्त्री गुण्या लावतो, ओळंबा सोडतो, आणि मान हलवून भिंत गुण्यात नसल्याचे जाहीर करतो. परिणामी चित्रात दोन भिंतींमध्ये चपखल बसलेले कपाट प्रत्यक्षात एका टोकाला घट्ट बसते आणि दुसऱ्या टोकाला एवढी फट सोडते, की तीतून झुरळ सहज जावे, परंतु झाडू मुळीच जाऊ नये. ही फट झाकण्यासाठी जी अरुंद पट्टी ठोकली जाते, तिला सुतारकामात मानाचे स्थान आहे. मात्र कोणत्याही थ्रीडीत ती आजवर कोणी काढलेली नाही.

भिंतींनंतर वस्तूंची पाळी येते. संगणकातील प्रत्येक वस्तू ही बहुभुजांच्या, म्हणजे तीन किंवा चार बाजूंच्या लहान सपाट तुकड्यांच्या जाळीने बनलेली असते. तुकडे जितके जास्त, तितकी वस्तू गुळगुळीत आणि फाइल जड. या जाळीवर लाकूड, संगमरवर किंवा कापड यांचे पोत चढवावयाचे असतात, आणि त्यासाठी त्रिमितीय वस्तूची कातडी उलगडून सपाट करावी लागते. शिंप्याने शिवलेले पोलके उसवून त्याचे तुकडे टेबलावर पसरावेत, तसे हे काम असून, शिवण चुकीच्या जागी धरली तर सागवानाच्या रेषा पलंगाच्या कोपऱ्यावर येऊन एकमेकींना ओळख देत नाहीत. याखेरीज कडांचा प्रश्न असतो. संगणकातील कड गणिती अर्थाने टोकदार असते आणि डोळ्याला ती तत्काळ खोटी वाटते, कारण जगात पूर्ण टोकदार कड कोठेच नसते. म्हणून कुशल कारागीर प्रत्येक टेबलाची कड एखाद्या मिलिमीटरने गोल करतो, म्हणजे प्रकाश तिच्यावर चमकतो आणि टेबल खरे वाटते. मानकोलीच्या घरात हेच काम सुतार पॉलिश पेपरने करतो, आणि त्याने केले नाही तर घरातील रांगते मूल कपाळाला टेंगूळ आणून ते करवून घेते.

या विद्येचा आद्य नमुना एक किटली आहे, ही गोष्ट चहाबाज समाजाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९७५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल या संशोधकाला संगणकावर दाखवण्यासाठी एखादी ओळखीची वक्र वस्तू हवी होती, आणि त्याने घरातील चहाची किटली आकड्यांत उतरवली. ही ‘युटा किटली’ पुढे इतकी रुळली, की थ्रीडीएस मॅक्स या व्यावसायिक प्रणालीत ठोकळा, गोल आणि शंकू यांच्या रांगेत किटली हा मूलभूत भौमितिक आकार म्हणून विराजमान आहे, ज्याची कल्पना युक्लिडला नव्हती. या किटलीविषयी दोन गोष्टी नोंदण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की संगणकातील किटली मूळ किटलीपेक्षा बुटकी आहे, कारण कोणीतरी तिची उंची दाबली आणि ती तशीच सर्वांना आवडली. दुसरी अशी, की न्यूएलच्या मूळ आकड्यांत किटलीला बूडच नव्हते. डिजिटल गृहसजावटीतील पहिलेच भांडे मापाला चुकलेले आणि चहा न धरणारे निघावे, यात त्या शास्त्राच्या पुढील वाटचालीची सर्व बीजे सामावलेली होती.

प्रत्येक वस्तू स्वतः घडवीत बसण्याइतका वेळ धंद्यात कोणाजवळ नसतो, म्हणून तयार प्रतिरूपांची कोठारे निघाली. स्केचअपशी संलग्न असलेले, २००६ पासून चालू असलेले ‘थ्रीडी वेअरहाउस’ हे त्यांतील सर्वांत परिचित कोठार असून, तेथे सोफ्यापासून आगबोटीपर्यंत काहीही फुकट उतरवून घेता येते. मानकोलीचा एखादा गाळा आणि हे कोठार यांची तुलना केल्यास दोहोंची बलस्थाने स्पष्ट होतात. गाळ्यातील सोफा उतरवण्यासाठी माथाडी कामगार लागतात, ज्यांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला. संगणकातील सोफा एका बोटाने उतरतो आणि त्याची हमाली इंटरनेटच्या मासिक बिलात जमा असते. गाळ्यातील सोफ्याला दार, जिना आणि लिफ्ट यांतून जावे लागते. संगणकातील सोफा भिंतीतून आरपार जातो, आणि कारागीर नवशिका असल्यास सोफा अर्धा भिंतीतच राहतो. वजन मात्र दोहोंकडे असते. चुन्या, शिवणी आणि उश्यांसहित बारकाईने घडवलेल्या एका सोफ्याचे बहुभुज काही लाखांवर जाऊ शकतात, आणि तसे तीन सोफे, एक गालिचा व एक कुंडी एकत्र आली की संगणक जागच्या जागी थिजतो. ‘फाइल जड झाली’ हे वाक्य डिझायनर ज्या स्वरात उच्चारतो, त्याच स्वरात तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवणारा माणूस लिफ्ट बंद असल्याचे ऐकतो.

या कोठारांतील मालाची यादी समाजशास्त्रीय दृष्ट्या बोलकी आहे. तेथे हिरव्या सफरचंदांची परडी आहे, नाव नसलेल्या पुस्तकांची चळत आहे, कधीही न वाजणारी गिटार आहे, हरणाची शिंगे आहेत, आणि उघडी वाइनची बाटली आहे, जी मानकोलीच्या ग्राहकाला दाखवताना सासऱ्यांसमोर घाईघाईने खोडावी लागते. उलट चपलांचा ढीग, इन्व्हर्टर, गॅसचा जोड सिलिंडर, पाण्याचे पिंप, प्लास्टिकच्या पिशव्या भरून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी, बाल्कनीतील दोरी आणि १९७३ पासून मराठी स्वयंपाकघराच्या दाराआड लटकत असलेले, दुधाच्या व सिलिंडरच्या नोंदींनी भरलेले ‘कालनिर्णय’ यांचा अंतर्भाव चित्रात कोणी करीत नाही. देव्हारा असतो, परंतु त्यातील देव नुकतेच राहावयास आलेले असतात. त्यांच्याजवळ तेलाचा डाग, काडेपेटी किंवा कापसाच्या वातींची डबी नसते. सर्वांत गंभीर प्रश्न पंख्याचा आहे. पीओपीच्या छताची नक्षी, तीतील लपवलेले दिवे आणि मधोमधचे झुंबर यांच्या शोभेत व्यत्यय येतो म्हणून चित्रातून पंखा काढून टाकला जातो, आणि खाडीकाठच्या मे महिन्यात झुंबराकडे पाहून वारा घेण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी लागते. तिच्यातून छताच्या सजावटीसाठी पाच-सहा इंच वजा झाले आणि उरलेल्या उंचीत पंखा पुन्हा टांगला, की उंच जावयाने अंगातील शर्ट डोक्यावरून काढताना हात जपून वर करावेत हे उत्तम.

वस्तू मांडून झाल्यावर प्रकाशयोजना येते, आणि येथे या विद्येचे खरे पांडित्य दिसते. १९८६ साली जेम्स काजिया यांनी ‘रेंडरिंग समीकरण’ मांडले, ज्याचा आशय असा, की एखाद्या बिंदूवरून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा उजेड, अधिक सर्व दिशांनी त्यावर पडून परतलेला उजेड. आणि तो परतलेला उजेड इतर बिंदूंवरून आलेला असल्याने खोलीतील प्रत्येक कोपरा दुसऱ्या प्रत्येक कोपऱ्याला जबाबदार असतो. एकत्र कुटुंबात हा सिद्धांत पूर्वीपासून ज्ञात होता, परंतु त्याचे गणित कोणी मांडले नव्हते. त्याआधी दोन वर्षे कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी रंगीत भिंतींच्या एका खोक्यावर प्रयोग करून भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर कसा उतरतो हे संगणकाकडून काढून दाखवले होते. ज्या ग्राहकाने दिवाणखान्याची एक भिंत भगवी आणि समोरची पोपटी मागितलेली असते, त्याला हा प्रयोग सांगण्याची गरज नसते. चित्र पूर्ण झाल्यावर पांढऱ्या सोफ्याला एका बाजूने कावीळ आणि दुसऱ्या बाजूने मळमळ झालेली त्याला प्रत्यक्ष दिसते. रेंडर म्हणजे या सर्व किरणांचा हिशेब करून अंतिम चित्र तयार करण्याची क्रिया. तिला मिनिटे लागतात किंवा रात्र लागते, आणि किरण पुरेसे सोडले नाहीत तर चित्रावर कण दिसतात, ज्यांना नॉइज म्हणतात. पहाटे ती नव्वद टक्क्यांवर आलेली असताना वीज जाणे, ही घटना इतक्या ठिकाणी इतक्या नियमाने घडते, की तिला समीकरणात स्थान देण्याचा विचार व्हावयास हरकत नाही.

चित्रातील सूर्य हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. बहुतेक प्रणालींत गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ घालून सूर्य जागेवर आणण्याची सोय असते, आणि मानकोली सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. परंतु डोक्यावरचा सूर्य सोफ्यावर येत नाही, म्हणून कारागीर अक्षांश बाजूस ठेवून सूर्याला पश्चिमेच्या खिडकीत हवा तेवढा खाली ओढतो, आणि कधी कधी तर घराचे तोंड उत्तरेकडे असतानाही त्याला तेथे येण्यास भाग पाडतो. याहून सोपा उपाय म्हणजे तयार आकाश वापरणे: एखाद्या जागी उभे राहून सर्व बाजूंचे, प्रकाशाच्या पूर्ण तीव्रतेसह टिपलेले गोलाकार छायाचित्र घेऊन ते खोलीभोवती गुंडाळले जाते आणि त्यातूनच उजेड येतो. असे छायाचित्र बहुधा युरोपातील एखाद्या कुरणावर टिपलेले असल्याने भिवंडी तालुक्यातील स्वयंपाकघरात शरद ऋतूचा परदेशी संधिप्रकाश पडतो आणि कुकर रोमँटिक दिसू लागतो. खिडकीबाहेर समुद्र, डोंगर किंवा अरण्य यांपैकी जे कोठारात असेल ते लावले जाते; प्रत्यक्ष खिडकीतून दिसणारी गोदामांची निळी छपरे, महामार्गावरची कंटेनरांची रांग आणि समोरच्या विंगमधील बाईंचे वाळवण हे मात्र ग्राहकाला ताबा मिळेपर्यंत आश्चर्य म्हणून राखून ठेवलेले असते.

शेवटचा टप्पा कॅमेऱ्याचा. सदनिकेची खोली खऱ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाही, कारण छायाचित्रकाराने कितीही मागे सरकले तरी पाठीला भिंत लागते. संगणकात ही अडचण नाही. तेथे कॅमेरा भिंतीपलीकडे नेऊन ठेवता येतो आणि मधली भिंत केवळ त्या चित्रापुरती अदृश्य करता येते. त्यामुळे ग्राहक ज्या जागेवरून आपला प्रशस्त दिवाणखाना न्याहाळत असतो, ती जागा वास्तविक शेजाऱ्याच्या मोरीत किंवा चौदाव्या मजल्याबाहेरच्या हवेत असते. त्या जागेवरून घर खरोखरच मोठे दिसते, हे मान्य करावे लागेल. कायद्यानेही जागेच्या मोजणीत काही कल्पकता दाखवलेली आहे: २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील व्याख्येनुसार चटईक्षेत्रात बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि सेवावाहिन्यांची पोकळी येत नाही, परंतु सदनिकेतील आतल्या भिंतींखालची जागा येते, जेथे चटई घालणे अद्याप कोणाला साधलेले नाही. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यावयाची असते, आणि महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा केलेला आहे. तो कोड मोबाइलने टिपला असता नोंदणीकृत प्रकल्पाची खरी माहिती उघडते. रेंडरमधील सर्वांत वास्तववादी तपशील तोच होय, आणि त्याला कोणतीही प्रकाशयोजना लागत नाही.

चित्राला घर समजण्याची ही सवय संगणकाने लावली असे मानणे अन्यायाचे होईल. संगीत नाटकांच्या काळात राजवाडा, अरण्य आणि रस्ता हे गुंडाळी करून बैलगाडीने पुढच्या गावी जात असत, आणि कोल्हापूरच्या आनंदराव व बाबुराव पेंटर यांनी रंगवलेल्या पडद्यांतील खोली पाहून प्रेक्षक तृप्त होत. फरक इतकाच, की त्या पडद्यातील महालाचे आगाऊ बुकिंग कोणी करीत नसे. आज चित्राने खऱ्यावर केवढी मात केली आहे, हे आयकिया या स्वीडिश कंपनीच्या अनुभवावरून दिसते. २००६ साली तिच्या कॅटलॉगमध्ये ‘बर्टिल’ नावाची एक लाकडी खुर्ची संगणकाने बनवून छापली गेली आणि ती खोटी असल्याचे वाचकांच्या लक्षात आले नाही. पुढील आठ वर्षांत कंपनीच्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश संगणकावर तयार होऊ लागली. मधल्या काळात चित्रांचा दर्जा खालावल्याची तक्रार कंपनीतूनच आली, तेव्हा नापसंत ठरलेली चित्रे बाजूला काढून पाहण्यात आली आणि ती खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली निघाली. कंपनीने त्यावर काढलेला मार्ग शहाणपणाचा होता: संगणक कारागिरांना छायाचित्रण शिकवले आणि छायाचित्रकारांना संगणक. मानकोलीत याच न्यायाने डिझायनरला रंधा आणि मिस्त्रीला माउस दिल्यास काय होईल, याचा अंदाज करणे अवघड नाही. मिस्त्री पहिल्याच दिवशी विचारील की चित्रातील हे हवेत तरंगणारे शेल्फ कशाच्या आधारावर राहिले आहे, आणि या प्रश्नाला कोणत्याही प्रणालीत उत्तर नाही, कारण संगणकातील शेल्फ पडत नाही. त्याला गुरुत्वाकर्षण वेगळे चालू करून द्यावे लागते.

चित्रावस्थेतून गृहावस्थेकडे जाण्याचा मार्ग खोकावस्थेतून किंवा सुतारामार्फत जातो आणि दोन्ही मार्गांवर काही ना काही गळते. सुतारामार्फत गेल्यास व्हिनिअरची सनमायका होते, काचेच्या दाराचे प्लायवूडचे दार होते, आणि ‘थ्रीडीत दाखवलंय तसं करा’ या वाक्याला ‘तसं नाही होणार, पण तसं दिसेल’ हे अभिजात उत्तर मिळते. खोक्यातून गेल्यास सर्व भाग जुळून कपाट उभे राहते आणि दोन स्क्रू उरतात, जे कोणत्या जागेचे होते हे कपाटाला दोन वर्षांनी आठवते. गृहावस्था मात्र एकदा सिद्ध झाली की ती आधीच्या दोन्ही अवस्थांना टाकून देत नाही, ही या अभ्यासातील महत्त्वाची निष्पत्ती आहे. टीव्हीचे खोके ‘कधी लागलं तर’ म्हणून माळ्यावर जाते, सोफ्याचे प्लास्टिक पाहुणे येईपर्यंत राहते आणि पाहुणे आल्यावर ते घरचेच असल्याने तसेच ठेवले जाते, तर थ्रीडी चित्र मोबाइलमध्ये जपलेले असते आणि घर पाहावयास आलेल्या नातेवाइकांना, ते त्याच दिवाणखान्यात बसलेले असताना, दाखवले जाते. ‘असं होणार होतं,’ असे सांगितले जाते, आणि नातेवाईक डोळे वर न करता त्या चित्राचेच कौतुक करतात.

यानंतर घर आपल्या गतीने बारकावे धारण करू लागते. पहिल्या पावसाळ्यात भिंतीच्या कोपऱ्यात ओल येऊन एक पिवळसर नकाशा उमटतो. ओट्यावर हळदीचा डाग पडतो. जेवणाचे टेबल अभ्यास, इस्त्री आणि भाजी निवडणे या तीन खात्यांकडे वर्ग होते. आणि लपवलेल्या दिव्यांच्या पन्हाळीत पाल आपले बिऱ्हाड मांडते. नेमके हेच बारकावे मिळवण्यासाठी आता अव्वल दर्जाचे संगणक कारागीर झटत आहेत. निर्दोष चित्र खोटे वाटते हे त्यांना उमगले असल्यामुळे काचेवर बोटांचे ठसे उमटवणारी, लाकडाच्या कडा झिजवणारी, फरशीच्या सांध्यांत काळपटपणा आणणारी आणि उशी कोणीतरी नुकतीच उठून गेल्यासारखी दाबणारी साधने बाजारात विकली जातात, आणि खुर्ची टेबलापासून किती अंशांनी तिरकी ठेवल्यास ती सहज वाटेल यावर तास खर्च होतात. ज्या मानकोलीकराला आपले घर चित्रासारखे झाले नाही याची खंत वाटते, त्याने हे ध्यानात घ्यावे की चित्रेच आता त्याच्या घरासारखी होण्यासाठी धडपडत असून, त्यासाठी महिन्याकाठी परवान्याचे शुल्क भरीत आहेत. आणि त्यांना जी खुर्ची तिरकी करण्यास एक दुपार लागते, ती त्याचा धाकटा मुलगा शाळेतून येताच दप्तर फेकून एका फटक्यात तिरकी करतो, तीही अचूक.